शंभरची पट्टी

मी शाळेत असताना घेतलेला कॉम्प्युटर काळाचौकीच्या आमच्या खोलीत अजून ठाण मांडून आहे. का, तर मंडळाचा गणपतीचा अहवाल बाबा त्याच्यावरच टाइप करतात. मिल बंद पडल्यावर टायपिंग शिकले, तेव्हापासून अहवाल म्हणजे बाबा. त्यांचं ते मराठी सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालत नाही, आणि बाबांना दुसरं काही नको. यंदा मंडळाच्या सेक्रेटरीने सुनावलं, "काका, तुमचं मशीन रखडतं. रविवारपर्यंत झालं नाही तर अहवाल बाहेर देऊ."

झालं! बाबांचं जेवणावरून लक्षच उडालं. लॅमिंग्टन रोडला जाऊन, दुकानदारांशी हुज्जत घालून एकशे तेहेतीस मेगाहर्ट्झची मेमरीची पट्टी पैदा केली. लावली. मशीन तसंच ढिम्म.

ऑफिसातून दमून आलेली मी, डोकं आधीच तापलेलं. कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. नव्या पट्टीशेजारी जुनी शंभरची पट्टीही तशीच!

"अहो बाबा, प्रोसेसर आणि मेमरीमधल्या रस्त्याला बस म्हणतात. तुमची बस एकशे तेहेतीसने पळायला तयार, नवी पट्टीही तयार. पण ही जुनी शंभरच्या वर जात नाही. दोघी एकत्र लावल्या की नवीलाही तिच्याच चालीने चालावं लागतं. काढा तिला!"

"इतकी वर्सा राबली ती. तिका भायर कशी काढू गो?" चिडले की बाबा मालवणीत उतरतात.

देवा रे, आता पट्टीवरही माया! मी काही ऐकलं नाही. सरळ काढली आणि मशीन चालू केलं. विमान नाही झालं, पण पानं पूर्वीपेक्षा झटपट उघडायला लागली. बाबा लगेच खुर्ची ओढून बसले.

शनिवारी शेवटचं पान चालू असताना सेक्रेटरी आला. हातात छापलेला अहवाल.

"अरे, रविवार म्हणाला होतास ना?" मी भडकलेच.

"ताई, पोरांनी मोबाइलवर करून टाकला. काकांना कशाला त्रास? आता आराम करू दे त्यांना."

तो गेल्यावर मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. बाबा अहवाल चाळत होते. "छपाई बरी आसा," एवढंच म्हणाले. मग मशीन बंद केलं आणि टेबलावरची जुनी पट्टी माझ्या हातात ठेवली.

"लाव गो ती परत. आता घाई कोणाक आसा?"