भाजलेली खसखस

"मॅडम, खसखस भाजून लाडवात घातली तर चालते ना?"

चांगी विमानतळावर सामानाच्या बेल्टपाशी मंदाकाकूंनी मला हे अगदी सहज विचारलं. त्यांच्या हातात चांगला मोठा स्टीलचा डबा होता. मी बॅगा मोजत होते. कितीपर्यंत आले होते ते विसरले.

मी सहल व्यवस्थापक आहे. पुण्याच्या एका कंपनीचे ग्रुप परदेशी नेते-आणते. आमच्या धंद्यात पर्यटकाला 'पॅक्स' म्हणतात. निघण्याआधी पॅक्सचं ब्रीफिंग होतं, म्हणजे काय न्यायचं, काय नाही ते सांगायचं. सिंगापूरच्या यादीत च्युइंगगम, तंबाखू आणि खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, म्हणून तिथं तिला बंदी. मी यादी वाचते, सगळे "हो हो" म्हणतात, मग चहा येतो.

"काकू, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत की. म्हणून तर खसखशीची पुडी घरीच ठेवली. हे डिंकाचे लाडू आहेत."

त्यांच्या लेखी लाडवात गेलेली खसखस ही खसखस उरतच नव्हती. मला राग आला, पण माझी आईसुद्धा हेच म्हणाली असती.

काकू साताऱ्याच्या. लेक-जावई इथं बुओना व्हिस्टाला राहतात. पासपोर्ट वेळेवर आला नाही म्हणून लेकीचं बाळंतपण हुकलं, ते काकूंच्या मनाला फार लागलं होतं. एकटीनं विमानानं कसं जायचं, म्हणून आमची पाच दिवसांची सहल घेतली. पुढे लेकीकडे राहणार होत्या. सव्वा महिना नुकताच झाला होता आणि लेक बाळाला घेऊन बाहेर उभी होती.

तिच्यात आणि आमच्यात आता कस्टम्सच्या दोन वाटा होत्या. ग्रीन चॅनेल म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, सरळ चालू लागा. रेड चॅनेल म्हणजे काहीतरी आहे, या आणि दाखवा. ग्रीनमधून जाताना लाडू सापडले असते तर काकूंची रवानगी चौकशीच्या खोलीत झाली असती. तिथून कदाचित परत साताऱ्याला.

मी पुण्याला कंपनीच्या सरांना फोन लावला.

"ग्रीनमधून काढ," सर म्हणाले. "लाडू कोण फोडून बघतंय?"

"आणि बघितला तर?"

"तू अकरा वेळा गेलीस ना तिथं? कधी कुणी अडवलं?"

मी फोन ठेवला. आमच्या ग्रुपमधले पाटणकर काका, निवृत्त बँक मॅनेजर, म्हणाले, "तो डबा कचरापेटीत टाका आणि मोकळे व्हा." वर सगळीकडे कॅमेरे होते. तिथं डबा टाकून पळणं मला काही पटेना.

"रेडमध्ये जाऊ, काकू. लाडू जातील, पण तुम्ही बाहेर पडाल."

काकूंचे डोळे भरले. "दोन दिवस खपून केलेत हो. बाळंतपणात तिला कुणी काही करून घातलं नाही." मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "चला."

रेडच्या काउंटरवर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी हातमोजा घातला, एक लाडू फोडला आणि मान हलवली.

"आंटी, धिस वन कॅनॉट, लाह," त्या तिथल्या इंग्रजीत म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "गॉट एनी मोअर?"

"नो," मी म्हणाले.

काकूंनी माझी बाही ओढली. "मॅडम, तुमच्या पिवळ्या बॅगेत कंपनीचा गोडा मसाला आहे, ब्रीफिंगला तुम्हीच म्हणालात ना? त्यात खसखस असेलच की."

आमच्या कंपनीच्या किचनचा गोडा मसाला प्रत्येक सहलीबरोबर जातो. परदेशातल्या हॉटेलातल्या आमटीला घरची चव यावी म्हणून. मी पुडा काढून पालथा केला. मागे घटक छापले होते आणि त्यात खसखस होती. अकरा वेळा हा मसाला मी ग्रीनमधून नेला होता, आणि एकदाही ते वाचलं नव्हतं.

"सॉरी," मी म्हणाले. "माइन ऑल्सो."

बाईंनी पुड्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "यू टूर लीडर, हाउ कॅन डोंट नो?" त्यांनी माझ्या पासपोर्टचा नंबर उतरवून घेतला आणि सक्त ताकीद दिली. स्वतःहून सांगितलंत म्हणून एवढ्यावर भागलं, असंही म्हणाल्या. काकू मराठीत बोलल्या होत्या म्हणून बाईंना ते कळलं नव्हतं, हे माझं नशीब. लाडू आणि मसाला एकाच पेटीत गेले.

"काकू, तुम्ही मसाल्याचं का काढलंत?" मी चालताना विचारलं.

"माझे लाडू घेतात आणि तुमचा मसाला सोडतात होय?"

बाहेर लेक उभी होती. "आई, किती उशीर!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. काकूंच्या हातात आता काहीच नव्हतं. त्यांनी आधी बाळ घेतलं.

मसाल्याचं सरांना कळवलं, तेव्हा त्यांनी आधी किचनला फोन लावला. आता मी ब्रीफिंगला यादी वाचत नाही. प्रत्येकाला डबे उघडायला लावते आणि कशात काय घातलंय ते विचारते. सुरुवात माझ्या बॅगेपासून. कंपनीच्या मसाल्यात आता खसखस घालत नाहीत. आमटीला पूर्वीची चव राहिली नाही, अशी तक्रार दर सहलीत येते. मी ती लिहून घेते आणि पुढच्या टेबलाकडे जाते.