काकांनी गाळलेली ओळ

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या खानावळीत भात उपसत होतो. सौंदडला पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं...

काका म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त, दवाखान्यातले जुने कंपाउंडर. गावातले इंग्रजी कागद तेच वाचून द्यायचे. मी आठवीतच शाळा सोडलेली, परमुलखात इंग्रजी कागद हाती आला की अडायचो. मग काकांना फोन लावून एकेक अक्षर सांगायचो. एकदा कंबर धरली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर एक लांबलचक शब्द आला, अ‍ॅग्रॅव्हेट. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"भेऊन काऊन राहिला बाबू?" काका हसले. "हाय ते दुखणं वाढणं, एवढंच. पोते उचलशील तं वाढंल. लोक चिडवण्यालेही हाच शब्द वापरतात. तुह्या काकीले भाजी खारट हाय म्हणून पाय, कशी होते ते!"

"खाऊ नोका मंग!" मागून काकींचा आवाज आला.

माझी आई गावापासून दोन कोसांवरच्या टोलीवर, चार घरांच्या वस्तीत, एकटी राहते. तिला गोळ्या कळत नाहीत. मीच काकांना गळ घातली होती. दर सोमवारी ते सायकलनं जायचे, सकाळच्या गोळ्या लाल चिंधीत, रात्रीच्या पांढऱ्या चिंधीत बांधून द्यायचे. त्या चिंध्यांवरच माझी आई जगली.

तेरवीनंतर काकींनी एक कागद माझ्यापुढे धरला. गोंदियाच्या डॉक्टरचा, काकांच्या नावाचा, दोन महिन्यांपूर्वीचा. "तुले शिकवलं ना त्यायनं? वाच."

मी अक्षरं जुळवत गेलो. हृदय. मीठ. मग सायकल... आणि त्याच ओळीत तो शब्द.

"काऊन थांबला?"

"काही नाही काकी... मीठ कमी खावं, गोळ्या वेळेवर घ्याव्या."

"त्यायनंही एवढंच वाचून दाखवलं होतं," काकी म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली.

काकी, तुम्ही रविवारची पुरवणी वाचता. तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितो. त्यात आणखी एक ओळ होती. सायकल चालवू नये, त्यानं दुखणं वाढेल. त्यानंतरही काका प्रत्येक सोमवारी टोलीवर गेले. आणि मी दर सोमवारी संध्याकाळी फोन करून एवढंच विचारायचो, "काका, आईकडे जाऊन आले ना?"