बाईंचा सामुराई

बाई एक डोळा मिटायच्या, हात ताठ पुढे करायच्या, अंगठा उभा धरायच्या आणि समोरच्या माणसाचं माप घ्यायच्या. फुनाबोरी स्टेशनच्या फलाटावर, सगळ्यांच्या देखत.

"हा बघ, पावणेसात डोकी. तो निळ्या टायवाला सहाच. बॅगेनं दबलाय गं बिचारा."

माणसाची उंची त्या फुटांत नाही, डोक्यांत मोजत. इचलकरंजीच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेली, त्यामुळे सगळा फलाट म्हणजे त्यांचा वर्ग. ज्याचं माप चाललंय तो जपानी गृहस्थ गोंधळून मान झुकवायचा. मग बाईही झुकवायच्या, आणि माप चुकलं म्हणून वैतागायच्या.

आमच्या वरच्या मजल्यावर मुलगी, जावई आणि नातीकडे त्या राहायला आल्या होत्या. मुलगी-जावई दिवसभर ऑफिसात, नात शाळेत. मी इथली जुनी, जपानी येणारी, म्हणून मला परस्पर दुभाषी नेमण्यात आलं. पगार म्हणजे भडंग. तोही देताना त्या डब्याला हात लावून सांगायच्या, "पुरवून खा, इथं मिळत नाही."

मी हौसेनं त्यांना सामुराईंची जुनी चित्रं बघायला नेलं. लाकडी ठशांनी छापलेली, लाल-निळी, तलवारी उगारलेली. मला वाटलं, बाई हरखून जातील. बाई पहिल्याच चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्याचे डोळे दोन दिशांना गेलेत. आणि हा पाय? हा कुणाचा पाय आहे?"

"बाई, हळू बोला."

"त्याला मराठी येतं का?"

पुढची सगळी भिंत अशीच तपासून झाली. कुणाच्या कोपराला सांधा नव्हता, कुणाचा घोडा मांजरीवर गेला होता. तिथली रखवालदार बाई दोनदा येऊन ओठांवर बोट ठेवून गेली. मी हसू दाबत आणि माफी मागत मागे फिरत होते. अशा वेळी जमीन दुभंगावी असं वाटतं खरं, पण मग पुढची गंमत हुकली असती.

शेवटच्या कोपऱ्यात शाईचं एक लहानसं चित्र होतं. पाठमोरा बसलेला म्हातारा सामुराई, बस. बाई तिथे थांबल्या, त्या हलेचनात.

"मान बघ," त्या म्हणाल्या. "तीन फटकाऱ्यांत थकलाय गं हा."

बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी एक करणार. लढणारा नको. निघालेला. चप्पल बांधताना." आणि मग, रस्त्याकडे बघत, "आयुष्यभर फळ्यावर काढलं. पचनसंस्था, गुरुपौर्णिमा, निरोपसमारंभ. दुसऱ्या दिवशी डस्टर. माझं एक चित्र कुठल्या भिंतीवर लागलेलं नाही."

आमच्या वॉर्डाच्या सभागृहात ठसेचित्रांचा वर्ग चालतो आणि शेवटी विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लागतं. प्रदर्शन बाईंच्या परतीच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं, पण चित्र लागलं तरी पुरे होतं. फोटो मी पाठवणार होते. आमची दोघींची भरती झाली.

सेन्सेई म्हणजे वर्गाचे गुरुजी, ऐंशीच्या घरातले, आवाज दाराच्या फटीतून आल्यासारखा. त्यांनी पद्धत सांगितली. पातळ कागदावर चित्र काढायचं, ते उपडं करून लाकडी फळीवर चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं. म्हणजे छापताना ते सुलट उमटतं.

"आणि माझं चित्र?" सामुराई कागदावर काढून झाल्यावर बाईंनी विचारलं.

मी विचारून सांगितलं, "ते जातं. भुशाबरोबर."

"मग नको. हा फळाच की. मी चित्र बघून थेट ह्याच्यावर काढते."

"छापल्यावर डाव्याचं उजवं होईल, बाई."

"तुझ्या वयाच्या पोरी शाळेत होत्या तेव्हा बटाट्याचे ठसे मीच शिकवलेत त्यांना. उजवीकडे बघणारा डावीकडे बघेल. बघू दे."

सेन्सेईंनी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "चोत्तो..."

"काय म्हणतात?"

"थोडं."

"थोडं काय?"

"ते पुढे सांगत नसतात, बाई. आपण ओळखायचं असतं."

"मग त्यांना विचार, काय ओळखायचं असतं."

मी विचारलं. ते हसले आणि खिडकी उघडायला गेले. वाचकहो, इतक्या वर्षांत मी या देशात भूकंप सोसले, कचऱ्याचे सतरा प्रकार सोसले, पण त्या अर्ध्या वाक्याने माझं जेवढं रक्त आटवलं तेवढं कशानेच नाही.

बाई आठवडेच्या आठवडे कोरत राहिल्या. हातात सुरी आली की माझ्याशीही बोलत नसत. सेन्सेई मागे येऊन उभे राहायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. पहिला छाप निघाला तेव्हा मी टाळ्या वाजवायलाच निघाले होते. सामुराई ओणवा होऊन गवती चपलेची दोरी ओढत होता आणि त्याची मान, काय सांगू तुम्हाला, जिवंत होती. सेन्सेईंनी छाप दोरीवर टांगला. वर्ग मात्र आपापल्या फळ्यांकडे बघायला लागला.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या आजी माझ्या कानाशी आल्या. किमोनोचा डावा पदर नेहमी उजव्यावर येतो. उजवा डाव्यावर आणतात तो फक्त मेलेल्या माणसाच्या अंगावर. बाईंनी कागदावर पदर बरोबर काढला होता आणि तो बघून फळीवरही तसाच काढला होता. छापून उलटलं, आणि सामुराई वारला.

मी सेन्सेईंकडे वळले. "तुम्हाला दिसत होतं. बोलला का नाहीत?"

"इतक्या मनापासून कोरत होत्या," ते म्हणाले. "मला वाटलं, हेतू असेल."

आणि तिथेच सगळं फिरलं. प्रेतालाही पुढच्या प्रवासासाठी गवती चप्पल घालतात, ती इतर लोक घालतात. हा सामुराई स्वतःची स्वतः बांधतो आहे. सेन्सेई हे हळूहळू बोलत गेले आणि वर्ग माना डोलावत गेला. परदेशी बाईंना हे कसं सुचलं असेल? चित्र प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर लागेल, असंही त्यांनी सांगून टाकलं.

मी आनंदाने सगळं मराठीत ओतलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"कुणाला सुचलं?"

"तुम्हाला."

"मला काही सुचलेलं नाही. चुकलंय ते. सांग त्यांना."

"बाई, गप्प बसा. भिंतीवर लागतंय."

"पाचवीतल्या पोरानं गाईला पाच पाय काढले आणि म्हणाला धावतीय, तर मी मार्क द्यायचे?"

"द्यावेत की."

"म्हणून तुझं चित्र तसलं येतं."

आता दुभाष्याचाही काही धर्म असतो. मी सेन्सेईंना म्हणाले, "बाई म्हणतात, तुम्ही फार कौतुक करता." सगळे अधिकच भारावले. इथे माझी गफलत झाली. बाईंनी चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्या होत्या. चुकीची कबुली ऐकून कुणी असं भारावत नाही, हे त्यांना भाषेवाचून कळलं.

त्या उठल्या, छापाशी गेल्या, सामुराईच्या गळ्यावर बोट ठेवलं. नात घरी त्यांना उठसूट ऐकवायची तो एक शब्द त्यांना पाठ होता.

"माचिगाई," त्या म्हणाल्या. चूक. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "माझी."

 सेन्सेईंनी छाप दोरीवरून उतरवला, बाईंना कमरेतून वाकून नमस्कार केला आणि कोरी फळी आणून त्यांच्यासमोर ठेवली.

मी हैराण झाले. "आता वेळ कुठे उरलाय? आणि मूळ चित्र जाईल."

"चिकटवायला लाग," बाई म्हणाल्या.

पण मला हात लावू दिला नाही. खळ त्यांनीच लावली, इतके दिवस जपलेलं चित्र त्यांनीच उपडं घातलं, मागून ओल्या बोटांनी कागद चोळून पातळ केला. रेघा उलट्या वर आल्या. मग गळ्यापासून सुरुवात केली. सुरीबरोबर त्यांचीच रेघ कुरतडून बाहेर यायची आणि त्या ती फुंकरीने उडवायच्या. विमानाच्या दिवशी सकाळीही आल्या. मुलगी खाली गाडीपाशी उभी राहून फोनवर फोन करत होती. मान झाली होती, पदर झाला होता, कमरेपर्यंत आल्या होत्या.

"एवढाच छापू," मी म्हणाले. "लावू या."

"अर्धवट आहे," म्हणाल्या, आणि सुरी पुसून ठेवली.

प्रदर्शनात त्यांच्या नावाच्या पट्टीखाली सेन्सेईंनी दुसरं काही लागू दिलं नाही. लोक विचारायचे, इथे काय आहे. मी सांगत बसायचे.

पुढल्या वर्षी येते म्हणाल्या होत्या. पण जावयाचं काम संपलं, सगळे पुण्याला परतले. आता इथे त्यांनी यावं असं त्यांचं कुणी नाही.

फळी वर्गाच्या कपाटात आहे. दुसऱ्याने पुरी करायची नाही, असं सेन्सेई म्हणतात. मी कधीतरी बाहेर काढते. वर लाकडात माणूस आहे, खाली हात आणि पाय अजून कागदातच. पायाकडचा कोपरा सुटायला लागलाय. मी तो बोटाने दाबून धरते. बोट काढलं की पुन्हा उचलला जातो.