गराजमधली हाक

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मी खवचटपणे हसणाऱ्यांतली होते. आम्ही नागपूरचे, घर बौद्ध. रोज संध्याकाळी वंदना, पंचशील, पण अंगात येणं, उतारा, दृष्ट काढणं यांतलं काहीही उंबऱ्याच्या आत आलेलं बाबांना चालायचं नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. वस्तीत एका बाईच्या अंगात यायचं. बाबांनी एकदा भर गर्दीत तिला सतराचा पाढा विचारला होता... देवी लगेच निघून गेली! मी त्या बाबांची मुलगी.

आता मी, नवरा निखिल आणि सात वर्षांची इरा मिनेसोटात ईडन प्रेरीला राहतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे पुरावा दिसेपर्यंत काहीच खरं न मानण्याचा मला पगार मिळतो.

गेल्या मार्चमधली गोष्ट. घरामागच्या तळ्यावरचा बर्फ वरून पक्का दिसत होता. इरा काठावरून दोन पावलं आत गेली आणि बर्फ तडकला. गुडघ्याएवढंच पाणी होतं, निखिलने तिला तेवढ्यात ओढून काढलं. खरचटलंही नाही. पण त्या संध्याकाळपासून इरा बोलायची बंद झाली.

एक शब्द नाही. आधी वाटलं घाबरली आहे, होईल ठीक. आठवडा गेला, दोन गेले. जेवण चार घासांवर आलं. शाळा बंद. दिवसभर सोफ्यावर बसायची आणि आपण समोर गेलो की आपल्या पलीकडे बघायची. सगळ्या टेस्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, धक्का आहे, वेळ लागेल. थेरपी सुरू केली. पाच आठवडे झाले. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून रडायचे. निखिलसमोर नाही, कारण तोही बाथरूमचा नळ सोडून तेच करत होता.

आमच्या शेजारी पेमा राहते. नेपाळमधली, तामांग समाजातली. डे-केअरमध्ये काम करते. आम्ही दोघी हिंदीत बोलतो. एकदा ती म्हणाली, "दीदी, तुम्ही पण बौद्ध, आम्ही पण बौद्ध. आमच्या लामांकडे चला ना."

बौद्ध म्हटल्यावर मला नाही म्हणता येईना. एका साध्या घरातच त्यांचा गोम्पा, म्हणजे विहार होता. लामांनी इराच्या मनगटाला दोरा बांधला, आशीर्वाद दिला आणि मग पेमाला शांतपणे काहीतरी सांगितलं. पेमाचा चेहरा पडला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हे माझं काम नाही. माझी पोथी मेलेल्यांना वाट दाखवते. ही तर जिवंत आहे. हिचा घाबरून निघून गेलेला जीव परत आणायचा तर बोम्बो पाहिजे."

पेमाने गाडीत समजावलं. त्यांच्या गावात दोघं असतात. लामा पोथीवाला, बोम्बो ढोलवाला. मरण लामाकडे, आजारपण बोम्बोकडे. दोघं एकमेकांबद्दल कुरकुरतात, पण कोणी कोणाच्या कामात हात घालत नाही. मी मनात म्हटलं, बघा, आमच्या बुद्धाच्या मागच्या दाराने काय काय आत शिरलंय!

"आणि इथे बोम्बो कुठे मिळणार?" मी जरा कुचकटपणेच विचारलं.

पेमा लाजली. "माझे बुवाच आहेत."

बुवा म्हणजे त्यांच्याकडे वडील. तिचे वडील म्हणजे ते बारके आजोबा, जे रोज नातवंडांना स्कूल बसपर्यंत सोडायला जायचे आणि सगळ्यांना "हाय हाय" करायचे. मी हो म्हटलं ते विश्वास बसला म्हणून नव्हे. पाच आठवडे मुलगी गप्प असलेली आई कशालाही हो म्हणते. निखिल म्हणाला, "तू जा, मी इराला थेरपीला घेऊन जातो. तिला ढोलबिल नको ऐकवू बे, अजून घाबरून जाईल." ते मला पटलं. बुवांनाही चाललं. म्हणाले, मुलीचा एखादा कपडा पुरे.

तर एप्रिलमधला मंगळवार, दुपारचे साडेतीन. पेमाचं गराज, दार बंद, कारण ढोलाचा आवाज बाहेर गेला तर घरमालकांच्या असोसिएशनचं तक्रारीचं पत्र येणार. एका बाजूला स्नो ब्लोअर, दुसरीकडे मुलांच्या सायकली. मधे चटईवर तांदूळ, अंडं, आलं आणि इराचं तळ्यावरच्या दिवशीचं जांभळं जॅकेट. बुवांनी फ्लीसच्या जॅकेटवरून पांढरा झगा घातला, गळ्यात घंटांची माळ. पेमाने धूप पेटवायच्या आधी स्टुलावर चढून स्मोक अलार्म काढून ठेवला. मला हसू येत होतं, खरं सांगते.

मग ढोल सुरू झाला आणि हसू थांबलं. घाबरले वगैरे नाही, आवाजच एवढा मोठा होता. बुवांचं अंग थरथरायला लागलं. पेमाने मला बंद दाराकडे तोंड करून उभं केलं. "बुवा तिला बोलावतील. मग तुम्हाला विचारतील, आली का? तुम्ही म्हणायचं, आली. आईने म्हटल्याशिवाय होत नाही."

बुवांनी त्यांच्या भाषेत लांब हाक मारली आणि विचारलं. मी गप्प. पुन्हा हाक, पुन्हा विचारलं. मी गप्प. तिसऱ्यांदा पेमा मागून म्हणाली, "दीदी, बोला ना! आली म्हणा!"

मला 'आली' म्हणताच येईना. तुम्हाला हा हट्टीपणा वाटेल. पण लहानपणापासून रोज पंचशीलात म्हटलंय, खोटं बोलणार नाही. आणि ती कुठे आली होती? ती थेरपिस्टच्या वाटेवर गाडीत बसून तशीच कुठेतरी पलीकडे बघत असणार.

मी वैतागून म्हटलं, "नाही आलेली हो ती! मी खोटं कसं बोलू?"

पेमाने भीतभीत ते बुवांना सांगितलं. वाटलं, म्हातारा चिडणार. बुवांनी ढोलाची लय जरा कमी केली आणि दोन वाक्यं बोलले. पेमा म्हणाली, "बुवा म्हणतात, मग खोटं नको. रोज जशी बोलावता, तशी बोलवा."

मी दाराकडे बघत म्हटलं, "इरू... ये गं बाळा. चल, जेवायला ये." आणि मग मला आवरलंच नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी. ढोल वाजत होता, माझी पाठ त्यांच्याकडे होती, मी तोंडातून आवाज निघू दिला नाही. मला रडताना बघायला समोर फक्त ते बंद दार होतं.

थोड्या वेळात बुवा थांबले, घाम पुसला आणि चहा मागितला. मी ओढणीने तोंड पुसून मगच वळले. तेवढ्यात आत पेमाच्या किचनमध्ये माझा फोन वाजला. निखिल.

"अगं, ती बोलली!" तो ओरडलाच. "मी गाडी बाजूला घेतली आहे. मागच्या सीटवरून एकदम म्हणाली, 'आले.' मी म्हटलं, काय गं? तर म्हणे, 'आई बोलावतेय.' मराठीत बोलून राहिली यार!"

आमची इरा हाकेला नेहमी "कमिंग!" म्हणते. मराठीत ओ कधीच देत नाही.

पहिली शंका मलाच आली. माझा फोन चुकून निखिलला लागला असेल आणि गाडीच्या स्पीकरवर हाक ऐकू गेली असेल. कॉल लॉग तपासला. त्याच्या फोनआधी तासभरात एकही कॉल नव्हता. फोन माझ्या पर्समध्ये, पर्स पेमाच्या किचनमध्ये होती. फोन वाजला तेव्हा पेमाच धावत जाऊन पर्स घेऊन आली. गाडी हायवेवर बारा मैल लांब. डॉक्टर म्हणाल्या, अशी मुलं कधीकधी अचानक बोलू लागतात, थेरपीही चालू होतीच. बरोबर आहे. निखिल योगायोग म्हणतो. तेही बरोबर असेल. बाबांना मी फोनवर फक्त इरा बरी झाली एवढंच सांगितलंय. बाकीचं सांगायची हिंमत नाही.

त्या संध्याकाळी इरा घरी आली आणि वरण-भाताची दोन ताटं संपवली. गराजचं आम्ही तिला काहीच सांगितलं नाही. मी रडले हे तर मी कोणालाच सांगितलं नव्हतं. निखिललाही नाही.

जूनमध्ये एकदा तिच्या केसांना तेल लावत होते. इरा मान न वळवता म्हणाली, "आई, त्या दिवशी मी डॅडींच्या कारमध्ये होते ना... व्हेन यू कॉल्ड मी... तू रडत का होतीस?"

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. 

"तू लांब होतीस ना, म्हणून."

तिला ते उत्तर पुरलं. मला अजून पुरलेलं नाही.