साठ माणसं आणि एक क्लॅरिनेट

माझ्या लॅपटॉपमध्ये साठ वादकांचा ताफा राहतो. व्हायोलिन, बासऱ्या, कर्णे, नगारे. परदेशातल्या कुठल्याशा सभागृहात खऱ्या माणसांनी एकेक सूर वाजवून रेकॉर्डिंगमध्ये भरून ठेवलेला. नांदेडच्या माझ्या खोलीत मी कीबोर्डची पट्टी दाबली की तो वाजतो. शाळेची नोकरी सांभाळून मी एकांकिकांना संगीत देतो, आणि या ताफ्याची मला भलतीच घमेंड होती.

शेजारच्या चाचांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. एकदा मोठ्या तोऱ्यात त्यांना माझा ताफा ऐकवला. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "साठ माणसं, आन् एकजण बी लेट न्हाई?"

माझं तोंड पडलेलं पाहून त्यांनी समजूत काढली. "एकेक सूर खरा हाय बेटा, पर बारात झूठी हाय."

नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मग खरं वाटतं ते नेमकं कशामुळे, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

त्याच सुमारास चाचा लेकीकडे लातूरला गेले होते. तिथल्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की वरचे पुढचे दात पार हलताहेत, काढावेच लागतील. क्लॅरिनेट फुंकताना त्याचं टोक याच दातांना टेकवतात, आणि कवळीवर आपल्याला ते जमणार नाही हे चाचांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मला हे सगळं त्यांनी हसत सांगितलं, पण समोरचा चहा तसाच निवला. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, दात आहेत तोवर तुमचे सूर मी भरून ठेवतो, म्हणजे ते माझ्या कीबोर्डवर वाजत राहतील.

दोन दुपारी खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही घामाने निथळलो. प्रत्येक सूर आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. पण चाचांना नुसता सूर वाजवताच येईना. दर वेळी ते खालून घसरत, लाडात आल्यासारखे सुरावर पोचायचे. मी वैतागून म्हणालो, सरळ वाजवा.

"एकटा सूर कसा वाजवू? तो कुठनं तरी आला पायजे की," ते म्हणाले.

जित्याची खोड, असं मनात म्हणत मी मास्तरकी चालूच ठेवली. शेवटी त्यांनी प्रार्थनेच्या रांगेत उभे केल्यासारखे ताठ सूर दिले. नंतर त्यातला श्वास, बोटांची टकटक, सगळं मी घासूनपुसून काढून टाकलं.

दात काढल्यावर आठवड्याभराने चाचा तोंडावर रुमाल धरून आले. ते वरातीत नेहमी वाजवायचे ती चाल मी त्यांच्याच सुरांत वाजवली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. सूर माझेच आहेत, म्हणाले, पण हा वाजवणारा मी नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. माणसाला धरून ठेवायला निघालो होतो आणि नेमका तोच पुसून टाकला होता.

मग त्यांचं लक्ष कीबोर्डच्या डाव्या टोकाच्या छोट्या चाकाकडे गेलं. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. फिरवलं की सूर वरखाली सरकतो, मी सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि चाकावर अंगठा ठेवला. पट्ट्या माझ्या, चाक त्यांचं, आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू. पहिल्या खेपेला मांजर भांडल्यासारखा आवाज निघाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण थोड्या वेळाने सूर घसरत, लाडात यायला लागले. सवयीने चाचा प्रत्येक ओळीआधी गाल फुगवून श्वास घ्यायचे. मी कीबोर्ड सोडून त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलो. श्वास घेतला की पट्टी दाबायची.

एका जागी मी चुकलो.

"लेट झालास," ते म्हणाले. मी ती ओळ पुसायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"राहू दे. आता बारात वाटून राहिली."