धुराड्यांची पाणबुडी

टार्निटच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा पाणबुडीचा देखावा करू, हे मीच सुचवलं. मंडळाला वाटलं, मुलांना आवडेल. मला वाटत होतं, आरती आणि जेवणाच्या मधे आपल्या लोकांनी निदान एकदा तरी काही ऐकावं.

पाणबुडी शंभर वर्षांपूर्वीची, ब्रिटिश आरमाराची, वाफेवर चालणारी. युद्धनौकांच्या वेगाने पळायला हवी म्हणून तिच्यात बॉयलर घातले, वर धुराडी उभी केली. बुडी मारायच्या आधी धुराडी आडवी करायची, सगळी झाकणं लावायची. एक राहिलं की पाणी आत. शत्रूला असल्या पाणबुड्यांतली एकही बुडवता आली नाही. काही चाचणीतच पाणी भरून बुडाल्या, काही आपल्याच ताफ्यातल्या जहाजांवर आदळून बुडाल्या. खलाशी मेले आणि साहेबलोक नव्या बांधत राहिले.

निवेदन मी लिहिलं. शेवटचा परिच्छेद आजचा: या देशात अणुपाणबुड्या येणार आहेत, त्याही पाण्याची वाफ करूनच चालतात, आणि त्यांचा कचरा कुणाच्या अंगणात पुरायचा हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. तुम्ही विचारा.

मी राहते ताई-जिजूकडे. वाचणार होता जिजू, कारण त्याचा आवाज चांगला. आणि जिजूला ॲडलेडला त्याच पाणबुड्यांच्या कामावर नोकरी मिळाली होती. सिक्युरिटी क्लिअरन्स तेवढा यायचा होता.

"शेवटचा पॅरा काढ," तो म्हणाला. "सगळे फोनवर शूट करतात. कुणी क्लिप पाठवली की माझा जॉब गेला."

"खोटं आहे का ते?"

"खोटं आहे असं मी म्हटलंच नाही."

ताई भाजी चिरत होती. "तुला बोलायचंय ना? मग स्वतःच्या तोंडाने बोल. माझ्या नवऱ्याचं कशाला?"

मग ठरलं, मी वाचायचं, जिजूने पडद्यामागून दोऱ्या ओढायच्या. धुराडी आडवी झाली, पाणबुडी निळ्या कापडाखाली गेली, की दिवे बंद.

शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, हॉल भरला. मी शेवटच्या परिच्छेदावर आले आणि माइक गेला. मंडळाचे खजिनदारकाका वायर हातात धरून उभे.

"पॉलिटिक्स नको, बेटा. जेवण थंड होतंय." मग पडद्याकडे बघून, "बुडव रे आता ती."

मी ओरडून वाचायला लागले. धुराडी उभीच.

"अरे, ओढ ना," काका पुन्हा.

जिजू दोरी हातात घेऊन पडद्याबाहेर आला, सगळ्या फोनांसमोर. "तिचं होऊ दे, काका. झाकणं लागायचीत अजून."

पुढे बसलेली मुलं हसली. मी संपवलं. मग त्याने दोरी ओढली.

क्लिप फिरतेय. तिच्यात मी कमी, जिजूचा चेहरा जास्त. क्लिअरन्सचं काही कळलेलं नाही. ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. तो सारखा मेल उघडून बघतो, आणि मी त्या वेळी खोलीतून उठून जाते. परिच्छेद मात्र मी आज अणुकचऱ्याविरुद्धच्या पत्रकात छापायला दिला, एक शब्द न बदलता.