सिपोराबाईंच्या घरातला हत्ती

सिपोराबाई भित्र्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं जे येतंय त्यात त्या शेवटपर्यंत घाबरलेल्याच दिसतील. एकदा न्हाणीत नाग निघाला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर घमेलं पालथं घातलं, घमेल्यावर पाटा ठेवला आणि मग शेजारच्या गिरजाबाईंना हाक मारली. तीही चहाचं आधण ठेवून झाल्यावर. नवरा एलियाह अकाली गेला. दोन्ही भाऊ, दीर, जावा, पुतणे, एकेक करत सगळं गोत इस्रायलला गेलं. जाताना प्रत्येकानं विचारलं, "एकटी कशी गो राहशील?" बाईंचं उत्तर ठरलेलं. "एकटी कुठं? अख्खं पेण हाय की."

हे त्या तोंडदेखलं बोलत नव्हत्या. सासरी तेलाचा घाणा होता. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा वार, त्या दिवशी दिवा की यंत्र काही लावायचं नाही; घाणाही बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली नाव ठेवलं, आणि त्या नावात हिणवणं नव्हतं. शनिवारी चुकून कुणी तेलाला आलंच, तर तेच जीभ चावून परत फिरायचं. आपला देव वेगळा, आपला वार वेगळा, म्हणून पेणमध्ये कुणी वाकडा शब्द बोलल्याचं बाईंनी सासूच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं.

पिशवीतलं तेल आलं आणि घाणा मोडीत गेला. पुढची खोली रिकामी पडली. गोतातला मागं राहिलेला एकच, त्यांच्या बहिणीचा मुलगा एझ्रा, रोह्याला राहायचा, कंपनीत कामाला. शहाण्णव साली त्यानं हौसेनं व्हिडिओ गेमचा डबा आणला आणि शिफ्टवरून आला की जेवण विसरून त्याच्यापुढं बसायला लागला. त्याच्या बायकोनं, शीरानं, एक दिवस सांगून टाकलं, "घरात हा राहील नायतर मी." एझ्रानं डबा, जुना टीव्ही आणि दोन रिमोट मावशीच्या रिकाम्या खोलीत आणून ठेवले. म्हणाला, "मुलं खेळायला येतील, तुला सोबत होईल." सोबत एवढी झाली की ओट्यावर चपला ठेवायला जागा उरेना.

कॅसेटी चार होत्या, पण चालली एकच. तिचं खरं नाव कुणाला वाचता आलं नाही. पेणमध्ये तिला हत्ती-उंदीर म्हणत. एक लठ्ठ निळा हत्ती, फाटकी अर्धी चड्डी घातलेला, आणि एक उंदीर, बुटात बसून उड्या मारणारा. एक रिमोट हत्तीचा, दुसरा उंदराचा. एकट्यानं खेळता येतच नाही, ही त्यातली गंमत. हत्तीनं सोंडेनं पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे उंदीर वर उडून फळीवर जाणार आणि दरवाजा उघडणार. हत्तीला खंदक ओलांडायचा असेल तर उंदरानं त्याच्या शेपटीला कडकडून चावायचं, की तो बोंबलत पलीकडे! चुकलं की दोघंही पाण्यात. मग हत्ती बुडबुडे सोडत वर येतो, मोठ्यानं शिंकतो, आणि सोंडेतून उंदीर बाहेर पडतो. हे बघून मुलंच काय, समोरच्या हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यातली माणसंसुद्धा हसून लोळायची. दुपारच्या सुट्टीत ती रंगानं बरबटलेल्या हातांनी यायची, त्यामुळं हत्तीचा रिमोट शेंदरी झाला आणि उंदराचा पिवळा. हमरापूरची कृष्णाबाई तिथं मूर्तींच्या पितांबरांना रंग द्यायची. ती खेळायची नाही, पण दाराशी उभी राहून सगळ्यांना अक्कल शिकवायची. "चाव रे त्याला! बघत काय राहिलास? चाव!"

आता पेण म्हणजे गणपतीचं गाव. श्रावणात इथं ज्या घरात डोकवावं त्या घरात रांगेनं मूर्ती वाळत असतात. हत्ती आणि उंदीर एकत्र दिसल्यावर इथल्या माणसाच्या मनात दुसरं काय येणार? दुसऱ्या कुठल्या गावी तो नुसता हत्ती राहिला असता. इथं आठवड्याभरात मुलं त्याला बाप्पा म्हणू लागली. एकदोघं खेळण्याआधी टीव्हीला हात लावून नमस्कार करायची. आणि हत्ती पाण्यात पडला की सगळी खोली ओरडायची, "पुढच्या वर्षी लवकर या!" बाप्पा लगेच शिंकत परत यायचे. सिपोराबाई आतून तांदूळ निवडत ऐकायच्या. त्यांनाही हसू यायचं. त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

पोपटच्या लक्षात आलं. पोपट हा गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता. आवाज मोठा, काम बेताचं. बुधवारी संध्याकाळी तो दोघांना घेऊन ओट्यावर आला. चपला न काढता.

"सिपोराबाय, तुमच्या घरात बाप्पाला पाण्यात बुडवून पोरं हसतात म्हणं."

"अरे, तो खेळातला हत्ती हाय."

"हत्तीबरोबर उंदीर कशाला मंग? आमाला काय समजत नाय व्हय? गावात लोक काय बोलतायत ते तुमच्या कानावर नाय. आमी धरून ठेवलंय म्हणून, नायतर हा डबा कधीच रस्त्यावर आला असता." त्यानं आत टीव्हीकडं बघितलं, मग बाईंकडं. "शनवारी धा वाजता येतो माणसं घेऊन. सगळ्यांसमोर लावून दाखवायचा. बघतो आमी काय ते."

आणि सिपोराबाई म्हणाल्या, "बरं."

तो गेल्यावर त्यांना कळलं की आपण शनिवारला बरं म्हणालो. मागं धावून सांगायला हवं होतं, पण त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. नागावर घमेलं टाकणारे हात दाराची कडी लावताना चुकत होते. त्या रात्रभर जाग्या होत्या. माणसं येतील, डबा फोडतील, ते सोसलं असतं. ज्या गावाच्या भरवशावर सगळं गोत सोडलं त्या गावाची भीती वाटते, हे सोसेना. उद्या दार उघडताना बाहेर कोण असेल असा विचार करायचा, तर मग पेणमध्ये राहायचं तरी कशाला?

शुक्रवारी त्या गाडीनं रोह्याला निघाल्या. कासू स्टेशनला एक बाई भाजीची टोपली घेऊन चढली आणि समोर बसून त्यांच्याकडं टक लावून बघायला लागली. सिपोराबाईंनी तोंड खिडकीकडं केलं.

"तुमी पेणच्या ना गो? ते हत्तीचं घर तुमचंच ना?"

कासूपर्यंत पोचलं! "नाय," त्या म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी आपलं घर नाकारलं ते हे पहिल्यांदाच. त्या भाजीवालीच्या मनात काही वाईट नव्हतं, तिचा भाचा तिथं खेळून आला होता एवढंच. पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार?

एझ्रा रात्रपाळी करून झोपला होता, तो डोळे चोळत उठला. सगळं ऐकून म्हणाला, "दे ती कॅसेट इकडं, मी कुंडलिका नदीत टाकतो."

"म्हणजे खरोखर बुडवला म्हणतील."

"मग उद्या लावून दाखव त्यांना. बटण दाबायला कितीसा वेळ लागतो?"

"उद्या शनवार."

"मावशी, जिवावर बेतलं तर शनवार मोडलेला चालतो. आपल्यातच सांगितलंय."

"जीव कुठं जातोय माझा?" त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

शीरानं चहा पुढं ठेवला. ती फटकळ होती, पण दुष्ट नव्हती. "मावशी, खरं बोलू? आज हत्ती, उद्या आणखी काही. मामा इस्रायलहून सारखे बोलावतायत. जा ना सरळ. कशाला एकटं राहून जिवाला घोर?"

बाईंनी चहा अर्धा टाकला. "उन्हं उतरली की शनवार लागतो, त्याच्या आत घरी पोचायचंय," म्हणत त्या उठल्या. घरी येऊन त्यांनी डोक्यावर पदर घेतला, काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावला आणि प्रार्थना म्हटली. ओळी तोंडपाठ, तरी मध्येच तुटल्या. बाहेर कुणी हसलं की त्या थांबायच्या.

शनिवारी सकाळी त्यांनी पुढच्या खोलीला कुलूप घातलं आणि ओट्यावर येऊन बसल्या. आत लपून बसावं असं शंभरदा वाटलं. पण आत बसलं तर दार वाजणार, आणि तो आवाज ऐकायची त्यांची तयारी नव्हती. गिरजाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मी येऊन बसू का गो?" सिपोराबाईंनी मान हलवली, ती हो की नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोपट आला. बरोबर मंडळाची पाचसहा माणसं, मागं बघे. कारखान्यातले कारागीर काम टाकून आले, कृष्णाबाईही होती. सगळ्यात मागून कमरेवर हात ठेवून, सावकाश, हैबतराव. सत्तरीचा माणूस. गल्लीत त्यांनी एक शब्द टाकला की तो खाली पडत नसे, आणि आज ते कुठल्या बाजूचे हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"उघडा," पोपट म्हणाला.

"आज नाय उघडत. आज शनवार."

"बरा सोईचा शनवार सापडला! बुधवारी बरं म्हणालात ते?"

"चुकले. घाबरले होते."

"मंग चावी द्या, आमी लावतो. तुमी नुसतं बसा."

गर्दी पुढं सरकली. चावी बाईंच्या कमरेला होती. हात तिच्यापर्यंत गेलासुद्धा. एक चावी दिली की सुटका. एझ्रा चालेल म्हणाला होता, सासरे तर केव्हाच गेले, बघणारं कोण उरलं होतं? त्यांनी चावी मुठीत धरली आणि मूठ तशीच राहिली.

"माझ्या घरात आज कुणीच लावायचा नाय," त्या म्हणाल्या. आवाज एवढा बारीक आला की मागच्यांनी "काय म्हणाली, काय म्हणाली" विचारलं.

"बघितलंत?" पोपट वळला. "लपवायचं नसतं तर..."

"पोपट, बाजूला हो, मला बसू दे," हैबतराव म्हणाले. ते ओट्यावर टेकले, धापा टाकत. "माजा श्रावणी शनवार हाय. पोटात कायबी नाय. तुज्या पोटात हाय का रे?"

मघाशीच पोपट वडापाव खाताना दिसला होता, असं कृष्णाबाई मागून पुटपुटली आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"हात बघ तिचे," हैबतराव म्हणाले. "लटलटतायत. खोटी असती तर कुलूप उघडून कवाच मोकळी झाली असती. आपल्या भीतीनं बाई पांढरी पडलीय, तरी तिचा वार सोडीत नाय. हिला मी माज्या बाप्पाची टिंगल करणारी म्हणू? उद्या येऊ. सकाळी. पण बघणार मी, सिपोरा. सोडणार नाय बघितल्याबिगर."

ते रागानंच बोलत होते. बाईंना धीर आला नाही, फक्त एक दिवस मिळाला.

रविवारी खोली भरली, खिडकीत माणसं, दारात माणसं. टीव्ही लागला, फाटक्या चड्डीतला हत्ती आला, आणि मग पंचाईत झाली. हत्तीचा रिमोट कुणी हातात घेईना. पोपटपुढं केला तर तो मागं सरकला. "मी कशाला? माज्या हातून पडला तर?" हैबतरावांनी उंदीर घेतला आणि शेंदरी रिमोट सिपोराबाईंच्या मांडीवर टाकला. "तुजं घर, तूच धर."

बाई हा खेळ कधीच खेळल्या नव्हत्या. त्यांनी भीतभीत बटण दाबलं, हत्ती डुलत निघाला आणि खंदकाच्या काठाशी येऊन उभा राहिला.

"चल गो," हैबतराव म्हणाले.

"बुडला तर, हैबतदादा?"

"बुडला तर मीबी बुडतो. जोडी हाय ना आपली? उडी मार."

त्यांनी उडी मारली. हैबतरावांचा उंदीर चावला, पण उशिरा. निळा हत्ती पाय झाडत पाण्यात गेला, मागून बूट गेला. सिपोराबाईंनी डोळे मिटले. आता हे गाव संपलं, त्यांना वाटलं. बुडबुडे फुटत होते. मग शिंक ऐकू आली. आणि तिच्यामागून हैबतरावांचा आवाज, भयंकर चिडलेला, "मेल्याची शेपूट सापडतच नाय! कुठलं बटण रे? सांगा कुनीतरी!"

"सगळ्यात पिवळं झालेलं, मालक, ते!" कृष्णाबाई ओरडली आणि हसायलाच लागली. मग खिडकी हसली, दार हसलं.

पोपट हसला नाही. "हे बरोबर नाय," एवढं म्हणून तो निघून गेला, आणि तो पुन्हा कधी येईल हे कुणाला ठाऊक. हैबतरावांनी मान वर न करता फर्मान काढलं: याला बाप्पा कुणी म्हणायचं नाय, पुढच्या वर्षी या कुणी ओरडायचं नाय, आणि गणपती घरात असेपर्यंत हा डबा बंद. मग म्हणाले, "चल, परत."

पण सिपोराबाई उठून आत गेल्या होत्या. पाणी प्यायचं म्हणून गेल्या आणि तांदळाच्या डब्याला टेकून जमिनीवर बसल्या. बुधवारपासून आवरून धरलेली थरथर आता अंगभर सुटली. दातावर दात आपटत होते. बाहेरून हशा येत होता, तो ओळखीच्या माणसांचा होता, हे त्या स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

"सिपोराबाय!" कृष्णाबाईनं हाक मारली. "या लवकर! हत्ती रिकामा हाय, मालक खोळंबलेत!"

"आले," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीला हात लावला, उठायला गेल्या आणि परत खाली बसल्या. "आले गो. थांबा जरा."